पिट्युटरीत शिरणारा रक्तवाहिन्यांचा लिम्फोमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी मेडिसिनची प्रॅक्टिस करताना हा आजार क्वचितच समोर येतो, पण ज्या घरात तो निघतो त्या घरची माणसं, त्यांचे नागपूरचे-पुण्याचे नातेवाईक, गावच्या आशाताई, पीएचसीतले नवीन डॉक्टर, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न पाठवतात, आणि मराठीत वाचायला द्यावं असं फारसं सापडत नाही. म्हणून आलेले प्रश्न एकत्र करून इथं उत्तरं लिहिते आहे. प्रश्न बहुतेक जसे आले तसेच ठेवलेत. औषधाचे डोस समजावेत म्हणून दिलेत, तुमच्या पेशंटचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील.

१. हा नेमका कोणता कॅन्सर हाय जी? सोनोग्राफीत, सीटीत कुठंच गाठ नाही म्हणतात.

पूर्ण नाव इंट्राव्हॅस्क्युलर लार्ज बी-सेल लिम्फोमा. लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि नेहमीच्या लिम्फोमात मानेत, काखेत, जांघेत गाठी येतात. इथं गाठी येत नाहीत. यातल्या कॅन्सरच्या पेशी एकदम बारीक रक्तवाहिन्यांच्या आतच राहतात, कारण भिंतीतून पलीकडं जायला पेशीच्या अंगावर जी चिकटणारी प्रथिनं लागतात, सीडी२९ आणि सीडी५४ अशी त्यांची नावं, ती यांच्यात बहुतेक वेळा नसतात. मग त्या आतल्या आत साचतात आणि त्या जागेचं रक्त अडतं. वरुड-मोर्शीकडच्या संत्रावाल्यांना हे लगेच समजतं, विहिरीला पाणी आहे, मोटर चालू आहे, ठिबकची नळी कुठं फुटली नाही, पण ड्रिपर चोंदले की झाड सुकतं.

म्हणून सोनोग्राफी आणि सीटी नॉर्मल येऊ शकतात आणि पेशंट मात्र रोज खचत जातो. फ्लेगर आणि टॅपाइनर यांनी १९५९ मध्ये हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला, तेव्हा तो रक्तवाहिनीच्या अस्तराचाच आजार वाटला होता, तो लिम्फोमा आहे हे पेशींवर खास रंग टाकून १९८६ च्या सुमारास पक्कं झालं. आजार फार विरळ आहे, वर्षाला दहा लाखांत एकापेक्षाही कमी. जास्त करून साठी-सत्तरीतल्या माणसांना होतो, बाई-पुरुष दोघांनाही.

२. म्हणजे ब्लड कॅन्सरच ना?

रक्ताच्या कॅन्सरांच्या घरातलाच, पण ल्युकेमिया नाही. ल्युकेमियात साध्या सीबीसीत खराब पेशी बहुतेक वेळा दिसतात. इथं पेशी बारीक वाहिन्यांना धरून बसतात, हातातून काढलेल्या रक्तात सहसा सापडत नाहीत. सीबीसीत हिमोग्लोबिन कमी, कधी प्लेटलेट कमी, एवढंच दिसतं. त्यामुळं “रक्त तपासलं, कॅन्सर नाही” असं कोणी सांगितलं तर त्यावर थांबू नका.

३. पिट्युटरी म्हणजे काय, आणि हा आजार तिथंच काऊन जाते?

पिट्युटरी मेंदूच्या खाली, नाकाच्या मागच्या बाजूला हाडाच्या खोबणीत बसलेली वाटाण्याएवढी ग्रंथी, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. पण थायरॉईडला, किडनीवर बसलेल्या अ‍ॅड्रिनलला, अंडाशयाला, वृषणाला काम करायचा हुकूम इथूनच जातो, आणि लघवीत पाणी किती सोडायचं ते ठरवणारं हार्मोनही इथूनच रक्तात उतरतं.

आजार फक्त तिथं जातो असं नाही. तो मेंदू, चामडी, फुप्फुस, किडनी, लिव्हर, बोनमॅरो, कुठंही बसतो. पण पिट्युटरीत बारीक वाहिन्यांचं जाळं खूप दाट असतं, मेंदूतून येणारे निरोपसुद्धा त्या वाहिन्यांतूनच येतात, तिथं पेशी साचल्या की ग्रंथी बंद पडायला लागते. काही पेशंटमध्ये हार्मोन कमी होणं हीच पहिली खूण असते, कॅन्सर नंतर सापडतो. अशा पेशंटची वर्णनं जपानमधून बरीच आली आहेत.

४. घरी काय दिसते? आमचे बाबा दिवसभर झोपूनच रायतात, वय झालं म्हणून आम्ही काही बोललो नाही.

वय झालं हे खरं असेलही, पण तीन महिन्यांपूर्वी जो माणूस पऱ्हाटीत डवरणी करत होता तो आज अंघोळीला उठत नसेल तर ते वयामुळं होत नाही. वय एवढ्या घाईनं येत नाही.

या आजारात अनेक आठवडे ताप येत राहतो किंवा येऊन-जाऊन असतो, वजन उतरतं, रात्री घाम येतो, आणि हातपाय गळून जातात. पिट्युटरी बसली, म्हणजे बंद पडली असेल तर त्यात आणखी भर पडते: भूक मरते, मळमळ, उठलं की भोवळ, बीपी ९० च्या आत, शुगरचा आजार नसताना शुगर कमी, थंडी सहन होत नाही, आवाज जड, दाढी पूर्वीसारखी वाढत नाही, आणि सोडियम कमी होऊन माणूस बरळायला लागतो. “सोडियम कमी झालं” म्हणून सलाईन लावतात, दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. महिन्यात दोनदा-तीनदा सोडियमसाठी अ‍ॅडमिट व्हावं लागत असेल तर कॉर्टिसोल, म्हणजे बीपी-सोडियम सांभाळणारं अ‍ॅड्रिनलचं हार्मोन, तपासल्याशिवाय पेशंटला घरी नेऊ नका, हे मी सगळ्यांनाच सांगते.

मेंदूच्या वाहिन्या अडल्या तर लकव्यासारखे छोटे झटके येतात, आज हात, दहा दिवसांनी बोलणं, किंवा दोन-तीन महिन्यांत माणूस माणसं ओळखेनासा होतो. चामडीवर पोट-मांड्यांवर लालसर चट्टे किंवा जाळीसारख्या रेषा येऊ शकतात. आणि एक लक्षात ठेवा, घरोघरी कोविडमधले ऑक्सिमीटर पडलेत, त्यावर ऑक्सिजन कमी दाखवतो आणि छातीचा एक्सरे मात्र साफ, असं वारंवार होत असेल तर तीही या आजाराची खूण असू शकते.

आपल्या आशियातल्या पेशंटमध्ये एक वेगळा प्रकार दिसतो, तोही मुख्यतः जपानमधून लिहिला गेलाय: ताप, लिव्हर आणि पाणथरी मोठी, हिमोग्लोबिन-प्लेटलेट खाली, शरीराच्याच पेशी आपल्या रक्तपेशी खायला लागतात. हा प्रकार झपाट्यानं वाढतो, यात आठवडे घालवता येत नाहीत.

५. मायले खूप तहान लागते, रात्रभर लघवीले उठते, पण शुगर नॉर्मल. डॉक्टर म्हणतात हा पण डायबिटीस. कसा काय?

हा डायबिटीस इन्सिपिडस, साखरेशी याचा काहीच संबंध नाही. पिट्युटरीच्या मागच्या भागातून येणारं पाणी धरून ठेवणारं हार्मोन कमी पडलं की किडनी पाणी सोडतच राहते, दिवसाला तीन लिटरच्या वर, कधी दुप्पट-तिप्पट, लघवी पाण्यासारखी पांढरी. घरी मोजायचं असेल तर २४ तासांची लघवी एका कॅनमध्ये जमा करून लिटर लिहून ठेवा, डॉक्टरला हा आकडा फार उपयोगी पडतो. यावर डेस्मोप्रेसिन नावाचं औषध आहे, गोळी किंवा नाकातला स्प्रे.

यात एक खोच आहे. कॉर्टिसोल कमी असेल तोवर हा त्रास लपून राहू शकतो, आणि स्टेरॉइड सुरू केलं की दोन-तीन दिवसांत एकदम लघवी वाढते. मग घरचे म्हणतात औषध बाधलं, आणि गोळी बंद करून टाकतात. बंद करू नका, फोन करा. हे औषधानं बिघडलेलं नाही, आधीच असलेलं उघडं पडलेलं असतं.

६. थायरॉईड तपासलं, टीएसएच नॉर्मल. मग थायरॉईडचा प्रश्न मिटला ना?

नाही मिटला. टीएसएच म्हणजे थायरॉईडला जाणारा हुकूम, तो स्वतः पिट्युटरीच बनवते. ग्रंथी बसली असेल तर थायरॉईड कमी असूनही टीएसएच वाढत नाही, नॉर्मल किंवा थोडं कमी येतं. म्हणून फ्री टी४, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, सोबत करायचं. फ्री टी४ कमी आणि टीएसएच वाढलेलं नाही, ही जोडी दिसली की पिट्युटरीकडं बोट दाखवा. तालुक्याच्या लॅबमध्ये पॅकेजात बऱ्याचदा नुसतं टीएसएच असतं, तिथं फसगत होते.

आणि थायरॉईडची गोळी घाईनं सुरू करू नका. आधी कॉर्टिसोल बघायचं, कमी असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलच्या जागी द्यायचं स्टेरॉइड), मगच थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी). उलटं केलं तर शरीरात उरलंसुरलं कॉर्टिसोल भरभर संपतं आणि पेशंट कोसळू शकतो.

७. कोणत्या तपासण्या करायच्या? गावात काय होईल, नागपूरले काय?

तालुक्याच्या लॅबमध्ये सीबीसी, ईएसआर, सोडियम-पोटॅशियम, शुगर, लिव्हर-किडनी आणि एलडीएच एवढं होतं. यातलं एलडीएच, म्हणजे पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, कोणी मागत नाही आणि तेच इथं सगळ्यात कामाचं, कारण या आजारात दहापैकी आठ-नऊ जणांत ते वाढलेलं असतं, पुष्कळदा बरंच वाढलेलं. महाग नाही. महिनाभर ताप आहे आणि कारण सापडत नाही अशा प्रत्येक पेशंटचं एलडीएच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सकाळी ८ वाजताचं कॉर्टिसोल, फ्री टी४, प्रोलॅक्टिन, पुरुषात टेस्टोस्टेरॉन, हे सँपल जिल्ह्याच्या लॅबमधून पुढं जातात, रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो. सकाळचं कॉर्टिसोल (मायक्रोग्रॅम/डीएलमध्ये) ३ च्या खाली म्हणजे कमतरता जवळपास नक्की, १५-१८ च्या वर असेल तर शक्यता कमी, मधलं असेल तर इंजेक्शन देऊन टेस्ट करावी लागते. तापानं फणफणलेल्या, बीपी पडलेल्या माणसाचं कॉर्टिसोल ८-१० आलं आणि लॅबनं त्याला नॉर्मल लिहिलं तरी ते नॉर्मल नाही, एवढ्या आजारात ते खूप वर जायला हवं होतं.

पाळी गेलेल्या बाईसाठी एक स्वस्त क्लू आहे, एफएसएच, पिट्युटरीतून अंडाशयाला जाणारं हार्मोन. पाळी गेल्यावर ते वाढलेलंच असतं. साठीच्या बाईचं एफएसएच तरण्या बाईसारखं कमी आलं तर पिट्युटरी काम करत नाही असं समजून पुढं जायचं.

नागपूर-वर्ध्याला मेंदूचा आणि पिट्युटरीचा एमआरआय, पेट स्कॅन, बोनमॅरो, चामडीची बायोप्सी. फेरिटिन आणि सोल्युबल आयएल-२ रिसेप्टर हेही बघतात, यातलं दुसरं सगळीकडं होत नाही.

८. एमआरआय नॉर्मल आला. मग पिट्युटरीले काही झालं नाही ना?

पेशी वाहिन्यांच्या आत असतात, त्यामुळं ग्रंथी मोठी दिसेलच असं नाही. कधी थोडी फुगलेली, कधी देठ जाड, कधी अगदी नॉर्मल. हार्मोन कमी आणि एमआरआय नॉर्मल, असं असेल तर हार्मोनवर विश्वास ठेवा. पेट स्कॅनचंही तसंच, चमकलं तर बायोप्सीची जागा कळते, नाही चमकलं तरी हा आजार नाही असं म्हणता येत नाही.

९. चामडीवर एक डागही नाही, तरी डॉक्टर पोटाचा न मांडीचा तुकडा मागतात. काऊन?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि घरच्यांचा राग मला समजतो, आजार डोक्यात सांगता आणि कापता मांडी. पण कॅन्सर वाहिन्यांत आहे, आणि चामडीखालच्या चरबीत अशा वाहिन्या भरपूर असतात, तिथं या पेशी डाग नसतानाही सापडतात. पिट्युटरीचा तुकडा काढायचा म्हणजे नाकातून मोठं ऑपरेशन. मांडीचा तुकडा म्हणजे जागा बधिर करून दोन टाके, पेशंट चालत घरी जातो. जपानमधल्या डॉक्टरांनी ही पद्धत रुजवली आणि तिनं कितीतरी पेशंटचं निदान जिवंतपणी व्हायला लागलं, नाही तर पूर्वी बऱ्याच जणांचा आजार पोस्टमॉर्टममध्येच कळायचा.

दोन-तीन गोष्टी तुम्हीच विचारून घ्या. तुकडा खोल हवा, चरबीपर्यंत, वरवरचा खरवडलेला उपयोगाचा नाही. एकाच जागेचा नको, दंड, पोट, मांडी अशा दोन-तीन जागांचा. म्हातारपणी अंगावर लाल तिळासारखे ठिपके येतात, ते असतील तर त्यातला एक जरूर द्या, त्यात वाहिन्यांचा गुच्छच असतो. आणि फॉर्मवर “इंट्राव्हॅस्क्युलर लिम्फोमाची शंका” असं लिहिलेलं हवं. पॅथॉलॉजिस्टला सांगितलं नाही तर एखाद्या वाहिनीतल्या चार पेशी नजरेतून सुटतात, सांगितलं तर ते या पेशींच्या अंगावरच्या सीडी२० प्रथिनाचा रंग टाकून शोधतात. पहिली बायोप्सी निगेटिव्ह आली आणि एलडीएच वाढतच असेल तर दुसऱ्यांदा करावी लागते, ते फसवणं नाही.

१०. बायोप्सीच्या आधी स्टेरॉइड देऊ नका म्हणतात, आणि दुसरे म्हणतात आत्ताच द्या नाहीतर पेशंट जाईल. कोणाचं ऐकावं?

दोघंही खरं सांगताहेत, म्हणून घरच्यांची कोंडी होते.

स्टेरॉइडनं लिम्फोमाच्या पेशी मरतात. जास्त डोस काही दिवस दिला की ताप उतरतो, पेशंट उठून बसतो, सगळे खूश होतात, आणि मग बायोप्सीत काहीच सापडत नाही. चार-सहा आठवड्यांत आजार परत येतो, तोही जोरात. गावाकडं ताप उतरत नाही म्हणून डेक्साचं (डेक्सामेथासोन, जोरदार स्टेरॉइड) इंजेक्शन, कंबर दुखते म्हणून डेक्साचं इंजेक्शन, असं सर्रास चालतं, आणि त्यात हा आजार महिनोन्महिने लपून राहतो. कोणत्याही लांबलेल्या तापात कारण सापडायच्या आधी डेक्सा घेऊ नका, देणारा कितीही ओळखीचा असो.

पण ज्याची पिट्युटरी बसली आहे त्याच्या शरीरात स्वतःचं कॉर्टिसोल नाही. बीपी पडलं, उलट्या, ग्लानी, म्हणजे अ‍ॅड्रिनल क्रायसिस, तेव्हा बायोप्सीसाठी थांबणं म्हणजे जीव घालवणं. तिथं रक्त काढायचं, कॉर्टिसोलची एक नळी बाजूला ठेवायची, आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम द्यायचं, सोबत सलाईन. हे पीएचसीतही होतं. पेशंट सावरला की शरीराला रोज लागतं तेवढ्याच डोसवर आणायचं, साधारण १५ ते २० मिलिग्रॅम, आणि बायोप्सी त्याच आठवड्यात उरकायची. जो डोस शरीर एरवी स्वतः बनवतं तेवढा देताना बायोप्सीची एवढी भीती नको. प्रेडनिसोलोन ४०-५० मिलिग्रॅम किंवा डेक्सासारखे मोठे डोस मात्र, अगदी नाइलाज नसेल तर, बायोप्सीनंतरच. पुढं कॅन्सरवाल्या डॉक्टरांना कोणतं स्टेरॉइड, किती, कोणत्या तारखेपासून दिलं ते लिहून द्या.

११. सहा आठवड्यांपासून ताप, टीबीची औषधं सुरू केली, पेशंट आणखीच खचला. औषध बदलावं का?

आधी हे सांगते की आपल्याकडं लांबलेल्या तापात टीबीचा विचार करणं चूक नाही. गडचिरोलीकडं मलेरिया आहे, पावसाळ्यानंतर स्क्रब टायफस असतो, नागपूर भागात २०१८ मध्ये त्याची मोठी साथ आली होती. हे सगळं आधी बघायलाच हवं, हा लिम्फोमा यांच्यापुढं फारच दुर्मिळ आहे.

पण टीबीची पुराव्याशिवाय सुरू केलेली औषधं आणि पेशंट आणखी खचतोय, असं असेल तर दोन शंका घ्या. एक, टीबी नसेलच. दोन, आणि हे कमी लोकांना माहीत असतं, टीबीच्या किटमधलं रिफॅम्पिसिन लिव्हरमध्ये कॉर्टिसोल लवकर संपवतं. ज्याची पिट्युटरी कशीबशी चालू आहे तो या औषधानं क्रायसिसमध्ये जाऊ शकतो. आधीपासून हायड्रोकॉर्टिसोन घेत असेल तर डोस वाढवावा लागतो. टीबीची औषधं मनानं बंद करू नका, पण त्याच दिवशी सोडियम, बीपी, कॉर्टिसोल तपासून घ्या.

१२. आमच्या घरात सिकलसेल हाय. एलडीएच वाढलेलं आलं, आता आम्ही घाबरायचं का?

घाबरू नका. सिकलसेलचा पूर्ण आजार असेल, म्हणजे एसएस पॅटर्न, तर लाल पेशी फुटून एलडीएच कायमच वाढलेलं असतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडं हे नेहमीचं आहे. तिथं जुने रिपोर्ट काढून बघायचं, नेहमीच्या आकड्यापेक्षा खूप वर गेलंय का, आणि बिलिरुबिन-रेटिक (लाल पेशी फुटल्याच्या खुणा) त्या मानानं वाढलंय का. वाहक, म्हणजे एएस पॅटर्न असेल तर मात्र एलडीएच वाढायचं कारण सिकलसेलवर ढकलू नका, ते वेगळं शोधायचं. एलडीएच लिव्हर बिघडली, मलेरिया झाला, सँपल नीट काढलं नाही तरी वाढतं, त्यामुळं एकट्या आकड्यावरून कॅन्सर म्हणता येत नाही.

१३. पिट्युटरी बंद म्हणजे हाच कॅन्सर का? माह्या बहिणीची पण पिट्युटरी बंद हाय, तिले बाळंतपणात लय रक्त गेलं होतं.

बहिणीला बहुतेक शीहान सिंड्रोम आहे, त्याचा कॅन्सरशी संबंध नाही. बाळंतपणात खूप रक्त गेलं की पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटतो, बाळाला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, आणि कितीतरी वर्षं अशक्तपणा काढल्यावर निदान होतं. आपल्या खेड्यापाड्यांत पिट्युटरी बंद पडायचं हे कितीतरी नेहमीचं कारण आहे. घोणस चावल्यावरही पिट्युटरी जाऊ शकते, कधी लगेच, कधी काही वर्षांनी कळतं, वावरात काम करणाऱ्यांना हा प्रश्न विचारायलाच हवा. पिट्युटरीतली साधी गाठ हेही नेहमीचं कारण.

या लिम्फोमाचा विचार तेव्हा करायचा जेव्हा सगळं काही महिन्यांतच घडलंय, ताप आहे, एलडीएच वाढलंय, हिमोग्लोबिन उतरतंय. शीहानमध्ये एवढी घाई नसते. रोजच्या हार्मोनच्या गोळ्यांचे नियम मात्र दोन्हीकडं सारखेच, प्रश्न १७ बहिणीलाही वाचायला द्या.

१४. उपचार काय? ऑपरेशन करावं लागते का?

नाही, कापून काढायला एका जागी काही नसतंच. उपचार केमोथेरपी, आर-चॉप नावाची. रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन, बहुतेक दर २१ दिवसांनी, साधारण सहा वेळा. हा आजार मेंदूत उतरायला टपलेला असतो, म्हणून त्यासोबत मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस शिरेतून आणि पाठीच्या मणक्यातून औषध, हेही अनेक ठिकाणी देतात. मोठ्या डोसच्या मेथोट्रेक्सेटला रक्तातली पातळी मोजत बसावं लागतं, ते मोठ्या सेंटरलाच होतं.

सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली का ते विचारा, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी दोन्ही, कारण रिटुक्सिमॅबनं झोपलेली कावीळ उठू शकते. रिटुक्सिमॅबचा पहिला डोस फार हळू देतात, थंडी वाजून ताप, बीपी पडणं असं होऊ शकतं. काही डॉक्टर पहिल्या सायकलला ते मुद्दाम काही दिवस मागं ठेवतात, रक्तवाहिन्यांत पेशींचा भार जास्त असतो म्हणून. “महागडं औषध दिलंच नाही” असा गैरसमज करून घेऊ नका.

१५. माणूस वाचते का?

वाचू शकतो, लवकर सापडला तर. जपानमध्ये १०६ पेशंटची माहिती २००८ मध्ये छापली गेली, त्यात रिटुक्सिमॅब मिळालेल्यांपैकी दोन वर्षांनी ६६ टक्के जिवंत होते, न मिळालेल्यांपैकी ४६ टक्के. नंतर तिथंच आर-चॉपसोबत मेंदूसाठीचं औषध ठरवून दिलं, ३८ पेशंट, २०२० चा अहवाल, त्यात दोन वर्षांनी ९२ टक्के जिवंत आणि ७६ टक्क्यांचा आजार परत आलेला किंवा वाढलेला नव्हता. पण त्या ३८ मध्ये निदानाच्या वेळी मेंदूत आजार पोचलेले पेशंट नव्हते, म्हणून मेंदूत उतरलेल्यांनी हा आकडा स्वतःला लावू नये. आपल्याकडं पेशंट पोचतो तोवर अंथरुणाला खिळलेला असतो, फरक तिथं पडतो. ज्यांचा आजार फक्त चामडीपुरता असतो, बहुतेक कमी वयाच्या बायका, त्यांचं चांगलं होतं.

केमोनंतर पिट्युटरी परत चालू होईल का, हेही लोक विचारतात. काहींची होते, कारण पेशी निघून गेल्या की रक्त पुन्हा वाहतं, ग्रंथी मेली नसेल तर काम धरते. काहींना गोळ्या जन्मभर लागतात. कोण कोणत्या बाजूला जाईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून केमो संपल्यावर हार्मोन परत तपासतात, आणि गोळी डॉक्टरच कमी करतात.

१६. केमोत प्रेडनिसोलोन असतेच, मग रोजची हायड्रोकॉर्टिसोन त्या दिवसांत घ्यायची का? आणि पाणी खूप प्या म्हणतात, पण डेस्मोप्रेसिन पण चालू हाय.

केमोचे जे पाच दिवस प्रेडनिसोलोन १०० मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं त्या दिवसांत हायड्रोकॉर्टिसोनची गरज त्यातच भागते. धोका सहाव्या दिवशी आहे. त्या दिवशी प्रेडनिसोलोन संपतं, आणि हायड्रोकॉर्टिसोन सुरू करायची कोणाच्याच लक्षात राहत नाही, आठव्या-नवव्या दिवशी पेशंट उलट्या करत येतो, सगळे म्हणतात केमोचा त्रास. कॅलेंडरवर सहाव्या दिवसाला लाल गोल करा.

पाण्याचं दुसरं. केमोवाले भरपूर पाणी प्यायला सांगतात, सलाईनही चढतं, आणि डेस्मोप्रेसिन लघवी अडवून धरतं, वरून सायक्लोफॉस्फामाइड आणि व्हिन्क्रिस्टिननंही सोडियम उतरू शकतं. अशानं सोडियम एकदम खाली जाऊन झटके येऊ शकतात. केमोच्या दिवशी नर्सला सगळ्यात आधी सांगायचं, “यांना डेस्मोप्रेसिन चालू आहे”, आणि त्या दिवसांचा डोस आणि सोडियम कधी तपासायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं.

१७. रोजची हायड्रोकॉर्टिसोन: ताप आला, उलटी झाली, उपास असला, बाहेरगावी गेलं तर काय?

ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही. सकाळी उठल्याबरोबर मोठा डोस, दुपारी छोटा, रात्री शक्यतो नाही, झोप उडते. काही गावांत हायड्रोकॉर्टिसोन मिळत नाही, तिथं डॉक्टर प्रेडनिसोलोन ३ ते ५ मिलिग्रॅमवर चालवतात, ते चालतं, पण तुम्ही मनानं बदलू नका. मेडिकलवाला म्हणेल स्टेरॉइड आहे, वाईट असतं, हाडं ठिसूळ होतात. ते जास्तीच्या स्टेरॉइडबद्दल खरं आहे. इथं शरीराला हवं तेवढंच भरून देतोय.

ताप आला, दात काढला, पडून हाड मोडलं, तर डोस दोन-तीन पट, बरं होईपर्यंत. उलटी होऊन गोळी पोटात टिकत नसेल, जुलाब थांबत नसतील, तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, आणि १०८ ला फोन. घरात एक व्हायल आणि सिरिंज ठेवा, शेजारच्या नर्सताईंना किंवा घरातल्या एकाला ते दंडात-मांडीत द्यायला शिकवून ठेवा, कारण पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता बंद होतो आणि गाडी वेळेत पोचत नाही. पेशंटच्या खिशात चिठ्ठी हवी: “पिट्युटरी निकामी, हायड्रोकॉर्टिसोनवर आहे, बेशुद्ध असल्यास आधी १०० मिलिग्रॅम द्या.” मराठीत लिहा आणि इंग्रजीतही, वाचणारा कोणीही असू शकतो.

उपास करायचाच असेल तर गोळी पाण्यासोबत घ्या, त्यानं उपास मोडत नाही. निर्जळी उपास मात्र नको, डायबिटीस इन्सिपिडस असेल तर अजिबातच नाही. आपला मे महिना, चंद्रपूर-ब्रह्मपुरी-अकोल्याकडं पारा ४५ च्या पुढं, अशात डेस्मोप्रेसिन संपली आणि हाताशी पाणी नसेल तर काही तासांत माणूस सुकतो. लग्नाला, वावरात, एसटीत, गोळ्या आणि पाणी पेशंटच्या स्वतःच्या पिशवीत, दुसऱ्याच्या नको.

१८. कुठं जावं, पैशाचं कसं?

नागपूरला मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज) आणि त्याला जोडलेलं सुपर स्पेशालिटी, मिहानचं एम्स, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, वर्ध्याकडं सेवाग्राम आणि सावंगी. जवळ जे असेल तिथून सुरू करा, पण हार्मोनचे आणि कॅन्सरचे डॉक्टर एकमेकांशी बोलतील अशी जागा बघा, दोघांच्या फाइली वेगवेगळ्या राहिल्या की प्रश्न १६ मधले घोळ होतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचा खर्च बसतो, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या आणि दवाखान्यात शिरल्यावर आधी योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. कोणतं औषध पॅकेजात बसतं आणि कोणतं नाही ते केमो सुरू व्हायच्या आधी विचारा. एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आणि बायांना अर्धं तिकीट, रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला सवलत मिळते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्यावा लागतो.

१९. फवारणीमुळं झालं का? घरात दुसऱ्याले होईल का?

लागत नाही, एका ताटात जेवलं तरी. घराण्यात उतरतो असंही दिसलेलं नाही. पेशींमध्ये एमवायडी८८ आणि सीडी७९बी या जीन्समधले बदल बऱ्याचदा सापडतात, पण ते आयुष्यात नंतर त्या पेशीतच झालेले असतात, बापाकडून आलेले नसतात.

फवारणीचा प्रश्न यवतमाळच्या २०१७ मधल्या फवारणीच्या विषबाधेनंतर प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच पाहिजे. पण या एका आजाराला अमुक औषधानं झाला असं म्हणायला आधार नाही. पेशंटनं आयुष्यभर फवारलं म्हणून पोरानं स्वतःला दोष लावून घेऊ नये. मास्क-हातमोज्याशिवाय फवारू नका हे मी या आजाराशिवायही सांगेन.

२०. केमो संपून वर्ष झालं. बाबा आता पुन्हा गोष्टी विसरतात, दुपारी झोपून रायतात. आजार परत आला का?

आला असेल, आणि परत येताना तो बऱ्याचदा मेंदूतच येतो, म्हणून पुढच्या तारखेची वाट बघू नका. पण त्याच्या आधी गोळ्या मोजा. केमो संपली की घरचे सैल होतात, हायड्रोकॉर्टिसोनची दुपारची गोळी सुटते, थायरॉक्सिन संपून दोन आठवडे झालेले असतात, डेस्मोप्रेसिन जास्त होऊन सोडियम उतरलेलं असतं, आणि या तिन्हींत माणूस असाच दिसतो, सुस्त, विसराळू, चिडका. सोडियम, कॉर्टिसोल आणि फ्री टी४ तालुक्यातूनच करून घ्या, सोबत एलडीएच, आणि ते आधीच्या एलडीएचशी ताडून बघा. हार्मोन ठीक आहेत आणि विसरणं वाढतंय, किंवा एलडीएच चढलंय, तर त्याच आठवड्यात नागपूरला जाऊन एमआरआय आणि पाठीतलं पाणी तपासायला सांगा. जाताना सगळी गोळ्यांची पाकिटं, रिकामी झालेलीसुद्धा, पिशवीत टाकून न्या, आणि शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली ते त्यावर पेनानं लिहा.